खिडकीजवळची जागा

"चार जण आले दारी. दोन वेडे, एक लबाड, एक खरा. वेड्यांना हाकल, लबाडाला पाणी पाज, खऱ्याला घरात घे."

ताईचा तेव्हाचा आवाज, नुकत्या घासलेल्या भांड्यासारखा लख्ख. दोघी स्वयंपाकघराच्या जमिनीवर पालथ्या पडलेल्या, कोपरं गार फरशीवर, पुढ्यात कुणाकुणाकडून मागून आणलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका. वर उतारा, खाली प्रश्न, प्रश्नाखाली चार पर्याय. धाकटी विचारायची, "लबाडाला पाणी कशाला पाजायचं? त्यालाही हाकलायचं." ताई म्हणायची, "अगं वेडाबाई. तो गोड बोलतो ना. नुसता हाकललास तर खिडकीतून परत आत येतो. त्याचं नीट ऐकून घ्यायचं, पाणी द्यायचं आणि मग विचारायचं, बाबा रे, हे तू उताऱ्यात कुठं वाचलंस? तोंड लपवून आपणहून उठतो बघ." धाकटी पर्यायांवरून बोट फिरवायची आणि तिला खरंच दारात उभे चार जण दिसायचे. एकाची टोपी उलटी, एकाच्या पायात दोन वेगळ्या चपला, एक हसरा, नीट भांग पाडलेला. आणि एक मागं, कोपऱ्यात, अंग चोरून. खरा नेहमी अंग चोरून उभा असतो, हे तिला ताईनं सांगितलं नव्हतं. ते तिचं तिलाच कळलं होतं.

पुढं धाकटी परीक्षा मंडळात लागली आणि तिचं काम एका वाक्यात सांगायचं तर ती लबाड घडवू लागली. उतारे लिहायचे, त्यांच्याखाली प्रश्न, प्रश्नांखाली खरं उत्तर, आणि खऱ्याच्या शेजारी त्याच्याहून देखणं एक खोटं. कचेरीत त्याला चकवा म्हणत. तिचे चकवे इतके नामी असत की तिचं नावच चकवेबाई पडलं होतं. तिला ते आवडायचं. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे जिथून निघाला तिथंच येऊन पोचतो म्हणतात. तिच्या चकव्याला लागलेली पोरं मात्र परत येत नसत. त्यांची वाट परस्पर दुसरीकडे वळायची, आणि ती वळलेली तिला दिसायचीही नाही. आज सकाळपर्यंत.

हे हरकतींचे दिवस होते. परीक्षा झाली की मंडळ आपली उत्तरं बाहेर लावतं आणि मग आठवडाभर खिडकीशी माणसं येतात, आमचं बरोबर, तुमचं चूक म्हणून भांडायला. खिडकीत बसणारा कारकून दाढ काढायला गेला होता, म्हणून ती तिथं बसली. बसली ती नुसती वेळ घालवायला. आलेल्या मुलीच्या पाठीवर पिशवी, नखं कुरतडून कुरतडून पार बोटात गेलेली. मुलगी भांडायला आल्यासारखी वाटत नव्हती. एखाद्या घरी चुकून राहिलेली छत्री न्यायला यावं, तशी आली होती.

"कुठला प्रश्न?"

"त्या शिवणाऱ्या बायकांचा. एका गुणानं जागा हुकलीय माझी."

तो प्रश्न तिचाच होता. उतारा लहानसा. दोन बायका एका दुकानात शिवणयंत्रं चालवतात. थोरलीचं यंत्र खिडकीजवळ, धाकटीचं आत भिंतीशी. खिडकीची तावदानं जुनी, वारा सुटला की खडखडतात. त्या दिवसांत थोरलीच्या खांद्यावर शाल असते. शिवताना ती घसरते आणि थोरली ती पुन्हा पुन्हा वर ओढते. एका सकाळी थोरली आपलं यंत्र भिंतीशी ओढून नेते आणि धाकटीला म्हणते, तू बस तिथं. धाकटीला खिडकीचा उजेड मिळतो. तिची टीप सरळ येऊ लागते, गिऱ्हाइकं तिला नावानं विचारू लागतात. प्रश्न : थोरलीनं खिडकीजवळची जागा का सोडली? ती कामाला कंटाळली होती. तिला गारठा सोसत नव्हता. धाकटीला उजेड मिळावा म्हणून. ती दुकान सोडून जाणार होती. पहिला आणि चौथा वेडे. दुसरा खरा. आणि तिसरा, नीट भांग पाडलेला, दारात हसत उभा.

"मला शाल दिसली होती," मुलगी म्हणाली. "नाही असं नाही. तावदानंही दिसली. दुसऱ्यावर पेन्सिल टेकवलीसुद्धा होती. पण मग वाटलं, एवढी वर्षं दोघी बहिणी एकत्र शिवतायत, आणि ही उठते ती नुसत्या गारठ्यानं? ती तिच्यासाठीच उठली असणार ना? तुम्हीच सांगा."

"त्या बहिणी आहेत असं उताऱ्यात नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिला पाठ होतं. उताऱ्यात नाही ते उत्तरात नाही. हजार वेळा म्हटलेलं.

"नाहीत?" मुलीनं पिशवीतून कागद काढला, ओठ हलवत पुन्हा वाचला. "हं. थोरली, धाकटी एवढंच आहे. मला आपल्या बहिणीच वाटल्या." मग कागदाची घडी घालता घालता विचारलं, "कुणी लिहिलाय हा?"

"मंडळानं."

"मग मंडळाला बहीण नसेल," मुलगी म्हणाली. टोमणा नव्हता तो. मुलीला खरोखरच मंडळाची थोडी कीव आल्यासारखी वाटली. "लेखी द्या," चकवेबाई म्हणाली. मुलीनं लेखी दिलं आणि जिन्यावरून एकेक पायरी गाळत उतरून गेली. ती खिडकीत तशीच बसून राहिली, आणि कुठल्याशा खोल रांजणातून यावा तसा ताईचा आवाज वर आला. चार जण आले दारी.

थोरली, धाकटी. का लिहिलं आपण असं? एक बाई आणि दुसरी बाई म्हणता आलं असतं. उंच आणि ठेंगणी म्हणता आलं असतं. लिहिताना कुणी हात धरून लिहवून घेत नाही, पण आपणहूनही कुणी लिहीत नाही. पाण्यात भांडं बुडवावं आणि बरोबर काय येतं ते वर आल्यावरच दिसावं, तसं असतं ते. दुपारी मोठ्या बाईंच्या खोलीत आकडेवाला आपल्या कागदांचा पंखा करून बसला होता. मोठ्या बाई मंडळाच्या प्रमुख. सगळ्या जगाकडे त्या चष्म्याच्या वरून पाहत. आकडेवाल्याचं काम कुठल्या प्रश्नाला किती पोरं फसली ते मोजायचं. तो म्हणाला, "बाई, ढ पोरं फसली असती तर मी बोललो नसतो. इथं हुशार फसलीत. बाकीचा सगळा पेपर बरोबर आणि इथं तिसरा. एकजात."

"चकवेबाई," मोठ्या बाई म्हणाल्या, "या खेपेला तुमचा चकवा फारच देखणा झाला. उत्तराचंच लग्न राहिलं आणि करवल्याच मिरवल्या."

सगळे हसले. तीही हसली.

"दुसराही बरोबर, तिसराही बरोबर असं धरून टाकू," मोठ्या बाई म्हणाल्या. "कुणाचं काय जातंय? हरकती मिटतील. पण उतारा तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तर दुसऱ्यावरच ठाम राहू. उद्या सकाळी काय ते सांगा."

तिचा आजवर एकही प्रश्न मागं घेतला गेला नव्हता. पण तिला बोचत होतं ते वेगळंच. कचेरीत एक जुनी चाल होती, तिला कोरडं वाचन म्हणत. प्रश्न पक्का करायच्या आधी उतारा झाकायचा आणि नुसते चार पर्याय कुणालाही वाचून दाखवायचे. हिशेबनीस, उद्‌वाहन चालवणारा, पाण्याची भांडी भरणारी बाई, जो समोर येईल तो. उतारा न वाचताच त्यानं खरं उत्तर ओळखलं, तर प्रश्न बाद. या प्रश्नाच्या वेळी सगळ्यांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं होतं. बायका कोण, दुकान कुठलं, काही ठाऊक नसताना. पाणी भरणारी म्हणाली होती, "धाकटीसाठीच बाई, दुसरं काय असणार?" तेव्हा ती खूश झाली होती. चकवा साधला, प्रश्न पक्का. आता कचेरीतून घराकडे चालताना, पुलाच्या कठड्यावरून हात फिरवत, तिला वाटत होतं, जे न वाचताच सगळ्यांना दिसतं ते असतं कुठं मग? उताऱ्यात तर नाही. ते माणसं घरूनच घेऊन येतात, डब्यासारखं. आणि भूक लागली की उघडतात.

आणि आपण? आपण कधी उतारा वाचला होता?

ते वर्ष तिला नेहमी वासावरून आठवे. वडील छापखान्यात होते, त्यांच्या अंगाला शाईचा आणि रॉकेलचा वास. घरात ताप येऊन गेलेल्या माणसाचा वास, कारण आदल्या वर्षी ताई लांबलचक तापात पडली होती आणि तिचं वर्ष बुडालं होतं. त्यामुळं थोरली आणि धाकटी एकाच वर्गात येऊन बसल्या. मोठ्या शहरातल्या शाळेची परीक्षा दोघींनी दिली. निवडलेल्यांना ती शाळा राहायला ठेवून घ्यायची, शिकवायची. वडिलांनी काही म्हटलं नव्हतं. पण एकीला पाठवायचं तरी घर वाकणार होतं, हे भिंतींनासुद्धा माहीत होतं. घरी सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांत ताईचं कधी चुकायचं नाही. धाकटीचं चुकायचं, ताई समजवायची. निकाल लागला तेव्हा यादीत धाकटीचं नाव होतं, ताईचं नव्हतं. ताई नापास झाली होती ती वाचनाच्याच पेपरात. जिथं ती गुरू होती तिथंच. मावशी त्या दिवशी घरी होती. स्वयंपाकघरात ती आईला हळू आवाजात म्हणाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, "थोरलीनं मुद्दाम सोडलं असणार बघ. धाकटीसाठी. नाहीतर ही पोर चुकेल? आपल्या पोटी देवमाणूस आलंय गं." आईनं डोळ्याला पदर लावला. ताई दारात उभी होती, पाण्यानं भरलेली बादली हातात. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं बादली खाली ठेवली, पाणी थोडं हिंदकळून फरशीवर सांडलं, आणि ती हसली.

ते हसू. त्या हसण्यावर तिनं आपलं सगळं आयुष्य टेकवलं. राहत्या शाळेच्या लांब, रांगेनं खाटा मांडलेल्या खोलीत रडू यायचं, तेव्हा ती स्वतःला बजावायची, ताईनं जागा दिलीय, रडायचं नाही. पहिली आली तेव्हा ताईसाठी आली. नोकरी लागली तेव्हा ताईसाठी लागली. ताई तिकडं गावातच राहिली, बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत लागली. अमुक गाडी कधी, तमुक गाडी कुठून. तिथं पर्याय नसायचे. एकच उत्तर, आणि ते ताई पाठ म्हणायची. आईवडील गेल्यावर धाकटीनं ताईला आपल्याकडं आणलं. दोन खोल्यांच्या घरातली पुढची खोली तिला दिली, आणि पुढच्या खोलीतली खिडकीजवळची जागा. वेताची आरामखुर्ची घेतली, उशी शिवली. "बस इथं. आयुष्यभर चौकशीच्या खिडकीत बसलीस, आता नुसतं खिडकीत बस." ताई बसली. तेव्हापासून बसतेच आहे.

देवमाणसाबरोबर राहणं सोपं नसतं, हे कुणाला सांगता येत नाही. दूध उतू गेलं, असू दे. किल्ली हरवली, असू दे. ताईनं तिची नवीकोरी पेनं शेजारच्या पोरांना वाटून टाकली, असू दे. कधी कधी ओठाशी शब्द येई, कडू, लालभडक, आणि लगेच ते हसू आठवे, ती बादली, ते सांडलेलं पाणी. शब्द गिळला जाई. गिळलेले शब्द कुठं जातात कोण जाणे. पोटात एक वेगळी खोली असावी त्यांची. एकदा ताईच म्हणाली होती, हसत नव्हे, अगदी काकुळतीनं, "भांड की गं माझ्याशी कधीतरी." ती म्हणाली, "तुझ्याशी काय भांडायचं?" ताई मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोर किल्ल्या करणाऱ्याचं बंद दुकान आणि एक रंग उडालेला फलक.

आणि नकाशेवाला. पुलाच्या मधोमध आल्यावर तो आठवल्याशिवाय राहत नसे, कारण इथंच त्यानं विचारलं होतं. तो मोजणी खात्यात नकाशे काढायचा. बोटांना कायम निळी शाई, चालताना रस्त्यांची नावं पुटपुटण्याची खोड. त्याची बदली दूर, समुद्राकाठच्या एका गावी झाली होती. तो म्हणाला होता, "तिथल्या किनाऱ्याचा नकाशा दर वर्षी नव्यानं काढावा लागतो म्हणे. समुद्र मागंपुढं होतो. मजा आहे. येता?" एवढंच. येता? जणू समोरच्या फुटपाथवर येता का. तिच्या छातीत काहीतरी चिमणीसारखं फडफडलं होतं, आणि तिनं त्याच्यावर झाकण ठेवलं होतं. "ताईला सोडून कशी येऊ? तिनं माझ्यासाठी सगळं सोडलंय."

"त्यांना विचारलंत?"

"असलं कुणी विचारतं का?"

"कमाल आहे," तो म्हणाला, "तुम्ही प्रश्न काढता पण विचारत नाही."

तरी तो एकदा घरी आला होता, निरोप घ्यायचा म्हणून. समोरासमोर बसले होते दोघं. बोलण्यासारखं सगळं संपलेलं, न बोललेलं मात्र तसंच. ताई स्वयंपाकघराच्या दारात आली. दोन्ही हातांत कप. तिथंच थांबली. तिचे ओठ उघडले आणि घरात एकाएकी अशी शांतता झाली की नळाचं ठिबकणं ऐकू आलं. मग ताई म्हणाली, "साखर किती?" तो म्हणाला, "चालेल ती." चहा पिऊन गेला. पुढं एक-दोन वर्षं त्याचे नकाशे आले, हातानं काढलेले, किनाऱ्याची रेघ कधी आत कधी बाहेर. मग ते येईनासे झाले. समुद्र मागं गेला असेल.

घरी आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ताई खिडकीजवळ खुर्चीत, मांडीवर पसरट भांडं, मटार सोलत होती. खांद्यावर राखाडी शाल. सोलता सोलता शाल घसरली, ताईनं ती कोपरानं वर ओढली. पुन्हा घसरली, पुन्हा ओढली. दारातच तिचे पाय थबकले. हे ती किती वर्षं पाहत होती? पाहत होती, आणि वाचत नव्हती. भांडं बुडवून जे वर आणलं होतं ते इथून आणलं होतं तर.

"चेहरा का असा उतरलाय?" ताई म्हणाली. "कुणी बोललं का कचेरीत?"

"नाही. ताई, कोरडं वाचन करशील? एक प्रश्न आहे."

"मी? मला कसलं येतंय. मी नापास पोर." हे ताई नेहमी म्हणायची आणि नेहमी हसायची. "बरं, वाच."

तिनं चार पर्याय वाचले. ताईच्या बोटांनी एक शेंग टचकन फोडली. "तिसरा," ती म्हणाली, "तिसरा लबाड आहे. किती गोड बोलतोय बघ मेला. पाणी पाज त्याला आणि लावून दे. खरा कुठला ते उतारा ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

कोरड्या वाचनात आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. तिनं उतारा वाचला. हळू वाचला, आणि वाचताना तिचा तिलाच आपला आवाज परका वाटत गेला. तावदानांपाशी आली तेव्हा ताईचे हात थांबले. शालीपाशी आली तेव्हा ताईनं वर पाहिलं.

"गारठा," ताई म्हणाली.

"एवढं लगेच?"

"शाल आहे की तिच्या खांद्यावर. तावदानं वाजतायत. उठणारच बाई. किती दिवस काढील?"

"पण त्यामुळं धाकटीला उजेड मिळाला."

"मिळाला ना. चांगलं झालं. पण तिनं दिला नाही गं, तो मिळाला."

"सगळी हुशार पोरं म्हणतात ती धाकटीसाठी उठली. इतकी चांगली बाई नुसत्या गारठ्यानं कशी उठेल म्हणतात."

"का? गारठा चांगल्या बायकांना लागत नाही?" ताई म्हणाली. एरवी अशा वेळी ती हसायची. आता हसली नाही. "पोरांना ती चांगलीच हवी असेल. म्हणून त्यांनी तिला चांगली केली. तिला कुणी विचारलंय?"

मग धाकटीनं त्या मुलीचं सांगितलं. कुरतडलेली नखं, पिशवी, एका गुणानं हुकलेली जागा, मंडळाला बहीण नसेल ते. "मोठ्या बाई म्हणतात, दोन्ही बरोबर धरू. धरलं तर त्या पोरीला जागा मिळेल. मी काय करू ताई? त्या पोरीला काय सांगू?"

ताईनं सोललेले दाणे हातानं सारखे केले. ते सारखेच होते. "चुकलंय म्हणून सांग," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत बसेल. ह्या वयात कुणी सांगितलं की लागतं, मग बरं होतं. लवकर सांगितलेलं बरं असतं. उशीर झाला की..." एक दाणा भांड्याच्या काठावरून उडाला, जमिनीवर टपटपत खुर्चीखाली गेला. दोघींनी त्याच्याकडं पाहिलं. "उशीर झाला की सांगणाऱ्याचंच तोंड राहत नाही."

"कसला उशीर?"

"त्यांना तू बहिणी का नाही केलंस?" ताईनं विचारलं. "उताऱ्यात. थोरली धाकटी केलंस, यंत्रं दिलीस, शाल दिलीस, आणि बहिणी तेवढं लिहिलं नाहीस."

"सुचलं नाही."

"भ्यालीस," ताई म्हणाली. "मीसुद्धा भ्याले. म्हणजे आपण बहिणीच." मांडीवरचं भांडं उचलून तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. ते ठेवताना थोडे दाणे फरशीवर सांडले, आणि धाकटीला ती बादली दिसली. "हे बघ, मी मुद्दाम नाही चुकले."

"काय?"

"त्या परीक्षेत. मुद्दाम काही केलं नाही मी. त्या खोलीत जाऊन बसले आणि चारही जण खरे वाटायला लागले गं. वेडेसुद्धा. प्रत्येकाचं ऐकत बसले, प्रत्येकाला पाणी पाजत बसले. जो उठून निघाला, त्याचा हात धरून परत बसवला. मला तीच उत्तरं बरोबर वाटली होती. अगदी मनापासून. घरी येताना मी गाणं म्हणत होते, आठवतं तुला? मला वाटत होतं मी पहिली येणार. तुझा विचारसुद्धा नव्हता माझ्या मनात. तू त्याच खोलीत बसली आहेस, हेही विसरले होते."

तिला ते गाणं आठवलं. आजवर आठवलं नव्हतं, आणि आता सूर न् सूर आठवलं. मुद्दाम हरून आलेली मुलगी कशाला गाईल? उताऱ्यात होतं ते. ती ओळ तिनं गाळून वाचली होती.

"मग मावशी म्हणाली तेव्हा..."

"हातात बादली होती. सगळे माझ्याकडं बघत होते. क्षणापूर्वी मी नापास पोर होते आणि क्षणात देवमाणूस झाले. फुकट. कुणी सोडलं असतं? मला वाटलं, दोन दिवस होईन देवमाणूस, मग सांगेन. मग तू गेलीस शाळेत. जाताना पाया पडलीस माझ्या. माझ्या! एका वर्षानं लहान तू फक्त. मग कसं सांगायचं? दर वर्षी ते जडच होत गेलं. तू असू दे, असू दे म्हणत राहिलीस आणि मी आतल्या आत... किती वेळा वाटलं, ही एकदा खेकसेल माझ्यावर, आणि त्या भरात मी सांगून टाकीन. तू खेकसलीच नाहीस."

पोटातल्या त्या खोलीचं दार तिला स्पष्ट ऐकू आलं. कडी निघाल्यासारखं. आणि जो आवाज बाहेर आला तो तिचा होता हे कळायला तिला वेळ लागला.

"आणि तो आला होता तेव्हा? तेव्हा तरी सांगायचंस! ताई, मी त्याला पुलावरून परत पाठवला तुझ्यासाठी! ह्याच खोलीत बसला होता तो, तिथं! तू दारात उभी होतीस! तुला सगळं माहीत होतं आणि तू साखर विचारलीस!"

घरात कधी कुणी इतकं मोठ्यानं बोललं नव्हतं. शेजारचा रेडिओसुद्धा कुणीतरी लहान केला. ताई घाबरेल, रडेल असं वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी सैल झालं, घट्ट बांधलेल्या गाठोड्याची गाठ सुटावी तसं. ती उठली. वेताची खुर्ची दोन्ही हातांनी धरून तिनं ओढायला सुरुवात केली. पाय फरशीवर कर्रकर्र वाजत गेले. धाकटी पुढं झाली नाही. ताईनं खुर्ची एकटीनं ओढत ओढत आतल्या भिंतीशी नेली, तिच्यात बसली आणि शाल सोडून मांडीवर ठेवली. खिडकीजवळ आता फक्त मटारांचं भांडं होतं, आणि त्याच्यावर उतरतं ऊन.

"ही खिडकी नीट लागत नाही," ताई म्हणाली. "पहिल्यापासून. तू इतक्या मायेनं दिलीस ही जागा, सांगायचं कसं?"

"मी खिडकीचं नाही विचारलं."

"माहीत आहे मला." ताईनं भिंतीला डोकं टेकलं. "सांगायलाच आले होते दारापर्यंत. शब्दसुद्धा जुळवले होते चहा उकळेपर्यंत. मी हिच्यासाठी काही सोडलेलं नाही, हिला घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं. मग तुझ्या तोंडाकडं पाहिलं. आणि कळलं, हे म्हटलं की तू उठशील. चप्पल घालशील आणि जाशील. तुझ्या भल्याचा नाही केला मी विचार, तुझ्या वाइटाचाही नाही. तू गेली असतीस, आणि ह्या घरात मला एकटीला गारठा लागला असता. एवढंच होतं गं ते."